कालव्यात शिरलेला मासा परत कसा जाणार?

तुमचे गाव गेवराई किंवा माजलगाव तालुक्यात असेल, तर हे दृश्य तुम्ही कधी ना कधी पाहिले असेल. कालव्याच्या पाण्याची पाळी संपते. वरच्या बाजूला दरवाजे उतरवतात. रात्रभरात कालव्यातले पाणी ओसरते आणि सकाळी तळाशी ठिकठिकाणी डबकी उरतात. त्या डबक्यांत मासे तडफडत असतात. काठावर बगळे येऊन बसतात, गावातली पोरे घमेली घेऊन उतरतात, आणि दुपारच्या उन्हात उरलेसुरले डबकेही आटून जाते.

त्या दिवशी गावात बऱ्याच घरी कालवण होते हे खरे. पण एक प्रश्न तुम्ही स्वतःला विचारला आहे काय? कालवा माणसाने खोदलेला. त्यात कुणी मासे सोडले नाहीत. मग हे मासे आले कुठून? आणि त्यांच्यापैकी एखादा, ज्याची जात आता नदीत क्वचितच सापडते असा असेल तर?

जायकवाडी नेमकी कुठे आहे?

उत्तर शोधण्यासाठी आधी थोडा भूगोल पाहू. जायकवाडी धरण कुठे आहे असे विचारले, तर तुम्ही चटकन सांगाल, ‘पैठणला.’ बरोबर आहे. पण जायकवाडी नावाचे गाव मात्र आपल्या बीड जिल्ह्यातले! हैदराबाद संस्थानाच्या काळात गोदावरीवर त्या गावाजवळ धरण बांधण्याचा विचार होता. पुढे जागा बदलली आणि धरण सुमारे १०० किलोमीटर वर, पैठणला गेले. नाव मात्र जुनेच राहिले. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते पायाभरणी झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी धरणाचे उद्घाटन केले. धरणामागच्या जलाशयाला आपण नाथसागर म्हणतो.

धरण पैठणला गेले तरी पाणी बीडला आलेच. नाथसागरातून दोन मोठे कालवे निघतात. डावा कालवा २०८ किलोमीटर लांब आहे, तर उजवा कालवा १३२ किलोमीटर. हा उजवा कालवा शेवगावच्या बाजूने गेवराई तालुक्यात शिरतो आणि माजलगावपर्यंत जातो. तिथे सिंदफणा नदीवर बांधलेल्या माजलगाव धरणातही त्याचे पाणी पोचते. सिंदफणा उगम पावते पाटोदा तालुक्यातल्या डोंगरात आणि गोदावरीला मिळते मंजरथजवळ. म्हणजे गोदावरीचे पाणी एका वाटेने निसर्गतः मंजरथला येते आणि दुसऱ्या वाटेने, माणसाने खोदलेल्या कालव्यातून, माजलगावला येते.

पाण्याला या दोन्ही वाटा सारख्याच. माशाला मात्र त्या मुळीच सारख्या नाहीत.

एकतर्फी दार

कालव्याच्या मुखाशी दरवाजे असतात. जलाशयातले पाणी उंच पातळीवर असते, कालव्यातले खाली. दरवाजा थोडा वर उचलला की त्याच्या खालून पाणी जोराने उसळून कालव्यात पडते. हा वेग किती असेल? तुमच्या पदार्थविज्ञानाच्या पुस्तकातले सूत्र वापरा. वरून पडणाऱ्या वस्तूचा वेग √(२ × g × h) इतका असतो. पाण्याला तोच नियम लागू पडतो. दोन्हीकडच्या पातळीत समजा ३ मीटर फरक आहे. मग २ × ९.८ × ३ = ५८.८ आणि त्याचे वर्गमूळ सुमारे ७.७. म्हणजे दरवाजाखालून पाणी सेकंदाला साडेसात मीटरहून अधिक वेगाने धावेल.

आता मासा किती वेगाने पोहतो ते पाहू. माशाचा वेग त्याच्या लांबीवर अवलंबून असतो. स्थूल मानाने सांगायचे तर मासा न थकता बराच वेळ सेकंदाला आपल्या लांबीच्या तीन-चार पट अंतर पोहू शकतो. जिवावर बेतले तर दहा पटही जाईल, पण काही सेकंदच. तेव्हा १० सेंटिमीटरचा मासा सेकंदाला तीस-चाळीस सेंटिमीटर जाऊ शकतो. ३ सेंटिमीटरचे पिल्लू जेमतेम दहा-बारा. सेकंदाला ७ मीटर वेगाच्या प्रवाहाविरुद्ध यांपैकी कुणीही परत चढू शकणार नाही. दार आत येण्यापुरतेच उघडे आहे, बाहेर जाण्यापुरते नाही.

तुम्ही म्हणाल, ‘पण मासा मुळात त्या दाराजवळ जातोच कशाला?’ प्रश्न चांगला आहे. माशाच्या अंगावर दोन्ही बाजूंना एक बारीक रेघ असते. तिला पार्श्वरेषा म्हणतात. हे माशाचे पाण्याची हालचाल ओळखण्याचे इंद्रिय. प्रवाह जाणवला की बहुतेक मासे त्याच्याकडे तोंड करून पोहू लागतात. कालव्याच्या मुखाशी ओढ वाढते तेव्हाही मासा तोंड प्रवाहाकडे ठेवून झटत राहतो. पण थकला की शेपटीकडून मागे मागे ओढला जातो. मोठा मासा वेळीच निसटतो. पिल्ले आणि लहान मासे निसटू शकत नाहीत.

अंड्यांचे तर विचारूच नका. आपल्याकडचे अनेक नदीतले मासे पावसाळ्यात, पहिल्या-दुसऱ्या पुरात अंडी घालतात. राहूचे अंडे पाण्यात फुगले की चार-पाच मिलिमीटरचे होते आणि दिवसभरातच त्यातून पिल्लू बाहेर येते. पहिले काही दिवस हे पिल्लू पोहत नाही, प्रवाह नेईल तिकडे जाते. त्याच वेळी कालव्याचे दार उघडे असेल, तर जितका पाण्याचा वाटा कालव्यात गेला, साधारण तितकाच पिल्लांचा वाटाही गेला असे समजावे.

मुखाशी लोखंडी गजांची जाळी असते ना, असेही कुणी म्हणेल. असते खरी, पण ती ओंडके आणि केरकचरा अडवण्यासाठी. तिच्या गजांमध्ये इतके अंतर असते की मासा सहज पार होतो.

आत गेल्यावर काय होते?

कालव्यात गेलेला प्रत्येक मासा मरतोच असे मात्र नाही. काही थेट माजलगावच्या जलाशयात पोचतात आणि तिथे जगतात. पण नदीत वर चढून, वाहत्या पाण्यात, दगडगोट्यांवर अंडी घालणाऱ्या जातीला हे वनवासाचेच जिणे. बाकीचे फाट्यांत, उपफाट्यांत आणि शेवटी उसाच्या किंवा कापसाच्या सरीत पोचतात. कालवा बारमाही वाहत नाही, पाळीपाळीने वाहतो. पाळी संपली की डबकी उरतात. डबक्यातले पाणी तापते. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि माशाला मात्र तो जास्त लागतो. मग पाणी आटण्याच्या आधीच मासा गुदमरतो.

ही गोष्ट आजची नाही. फ्रान्सिस डे नावाच्या शास्त्रज्ञाने ब्रिटिश अमदानीत हिंदुस्थानातल्या गोड्या पाण्यातल्या माशांची पाहणी करून १८७३ साली अहवाल प्रसिद्ध केला. नद्यांवरचे बंधारे आणि पाटबंधाऱ्यांचे कालवे यांमुळे माशांची कशी हानी होते, याकडे त्याने तेव्हाच लक्ष वेधले होते. दीडशे वर्षे होऊन गेली, प्रश्न तिथेच आहे. कालवे मात्र कितीतरी पटींनी वाढले.

गोदावरीचे पाहुणे नव्हे, घरचेच

दख्खनच्या नद्यांतल्या माशांची शास्त्रीय ओळख पहिल्यांदा करून दिली ती कर्नल साइक्स यांनी. मुंबई इलाख्याची आकडेवारी गोळा करण्याच्या कामावर असताना त्यांनी इथले मासे गोळा केले, त्यांची चित्रे काढवून घेतली आणि १८३९ साली त्यांची वर्णने छापली. काही जातींना त्यांनी इथल्याच बोलीतली नावे दिली. म्हणून जगभरचे शास्त्रज्ञ आजही ‘टॉर खुद्री’ आणि ‘नुक्ता’ ही नावे उच्चारतात. टॉर खुद्री म्हणजे दख्खनचा महसीर, मोठ्या खवल्यांचा, वेगवान पाण्यात रमणारा मासा.

साइक्स यांनीच वर्णन केलेला ‘सिलोनिया चिल्ड्रेनी’ हा बिनखवल्यांचा, चंदेरी, दुसरे मासे खाऊन जगणारा मोठा मासा फक्त आपल्या द्वीपकल्पातल्या गोदावरी-कृष्णेसारख्या नद्यांत आढळतो. निसर्गसंरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने त्याला संकटग्रस्त ठरवले आहे. ‘लॅबिओ पोटेल’ हाही दख्खनचा मासा त्याच यादीत आहे. आणि आपल्या सर्वांच्या ओळखीचा शिवडा, रुंद जबड्याचा आणि लांब मिशांचा, तोसुद्धा आता ‘धोक्याच्या छायेतला’ म्हणून नोंदला गेला आहे.

या माशांवर संकट एकट्या कालव्याने आणलेले नाही. धरणांनी नदीत वर जाण्याची वाट बंद केली, वाळूउपशाने अंडी घालण्याच्या जागा गेल्या, बारीक आसांच्या जाळ्यांनी पिल्ले उपसली, गावांचे सांडपाणी नदीत आले. पण असे पाहा, घागर चार ठिकाणी गळत असेल तर प्रत्येक भोक बुजवावे लागते. कालव्याचे मुख हे त्यांतले एक भोक आहे, आणि ते बुजवण्याची युक्ती माणसाला माहीत आहे.

मासे अडवणारी जाळी

युक्ती म्हणजे जाळी. इतके सोपे? ऐकायला सोपे, करायला अवघड. समजा, कालव्याच्या तोंडावर आडवी बारीक जाळी ठोकली. काय होईल? अर्ध्या तासात पालापाचोळा आणि शेवाळ चिकटून ती बुजेल, पाणी अडेल आणि खालचा शेतकरी ओरडेल. शिवाय लहान मासा पाण्याच्या दाबाने जाळीवर चिकटून मरेल. म्हणजे पाणीही गेले आणि मासाही गेला.

खरी युक्ती जाळी तिरपी बसवण्यात आहे. ती घरीच करून पाहा. पत्र्याची किंवा अर्धी चिरलेली पाइपची पन्हळ घ्या. तिला थोडा उतार द्या. पाण्याबरोबर मोहरी सोडा. ही आपली माशाची पिल्ले. आता चहाच्या गाळणीच्या जाळीचा तुकडा पन्हळीत आडवा, काटकोनात धरा. मोहरी जाळीवर चिकटून बसेल. आता तोच तुकडा लांबट कापून पन्हळीत खूप तिरपा बसवा आणि त्याच्या खालच्या टोकापाशी पन्हळीच्या बाजूला एक भोक पाडा. मोहरी जाळीला लागून घसरत घसरत त्या भोकातून बाहेर पडेल आणि बहुतेक पाणी जाळीतून पुढे जाईल.

काय घडले? तिरप्या जाळीजवळ पाण्याच्या वेगाचे दोन भाग पडतात. एक जाळीच्या आरपार जाणारा, दुसरा जाळीला समांतर वाहणारा. आरपार जाणारा भाग जितका कमी, तितका मासा चिकटण्याचा धोका कमी. समांतर भाग जितका जास्त, तितक्या लवकर मासा आणि कचरा दोन्ही बाजूच्या वाटेला लागतात. त्या वाटेने मासा पुन्हा नदीत जातो.

अमेरिकेत सॅमन माशांच्या पिल्लांसाठी नियम असा आहे की आरपार जाणारा वेग सेकंदाला १२ सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावा. मघाचे ३ सेंटिमीटरचे पिल्लू आठवा. त्याच्या लांबीची चौपट म्हणजे नेमके १२ सेंटिमीटर! नियम कुणी हवेतून काढलेला नाही, माशाच्या ताकदीवरून काढला आहे.

हाच नियम आपल्या उजव्या कालव्याला लावून पाहू. पूर्ण भरून वाहताना त्यातून सेकंदाला सुमारे ६४ घनमीटर पाणी जाऊ शकते. ६४ ला ०.१२ ने भागा. उत्तर आले सुमारे ५३३ चौरस मीटर. म्हणजे कबड्डीच्या चार मैदानांएवढी जाळी पाण्याखाली हवी! पाणी ३ मीटर खोल धरले, तर जाळीची लांबी १७८ मीटर होईल. कालवा इतका रुंद नसतो. म्हणूनच जाळी तिरपी किंवा नागमोडी बसवावी लागते. आणि हे लक्षात ठेवा, सॅमन थंड पाण्यातला मासा आहे. गोदावरीच्या माशांची ताकद मोजून त्यांच्यासाठी वेगळा नियम ठरवावा लागेल. तुमच्यापैकी कुणी पुढे जीवशास्त्र शिकणार असेल, त्याने हे काम मनात धरून ठेवावे.

जगात काय केले?

अमेरिकेत मोंटाना राज्यात यलोस्टोन नदीवर १९०० च्या दशकात शेतीसाठी एक बंधारा आणि कालवा झाला. त्याच नदीत पॅलिड स्टर्जन नावाचा प्राचीन वंशातला मासा राहतो. १९९० साली तो संकटग्रस्त ठरला. त्याला वाचवण्यासाठी कालवा बंद करा, असे म्हणता येण्यासारखे नव्हते. हजारो एकर शेती त्यावर उभी होती. तेव्हा २०१२ साली कालव्याच्या मुखाशी फिरते जाळीदार पिंप बसवले. पिंप गोल फिरत राहते, त्यावरचा कचरा ब्रशाने निघून जातो, पाणी आत जाते आणि मासा बाहेर राहतो. पुढे २०२२ साली बंधाऱ्याला वळसा घालून माशांना वर जाता यावे म्हणून सुमारे तीन किलोमीटरहून लांब वेगळी वाट खोदली. शेतीचे पाणी चालूच राहिले.

ऑरेगन राज्यात हूड रिव्हर येथे शेतकऱ्यांच्या पाणीसंस्थेने तर स्वतःच एक जाळी तयार केली. १९९६ च्या पुरात त्यांच्या जुन्या जाळ्या वाहून गेल्या होत्या. नवी जाळी त्यांनी उभी न बसवता आडवी, जमिनीला समांतर बसवली. पाणी तिच्यावरून वेगाने वाहते, थोडे थोडे खाली झिरपून कालव्यात जाते आणि मासे व कचरा वरच्या वर पुढे नदीत निघून जातात. तिला फिरणारा भाग नाही, वीज लागत नाही. हे शेतकऱ्यांनी केले, हे विशेष.

कॅलिफोर्नियात ट्रेसी येथे १९५० च्या दशकापासून दुसरी पद्धत आहे. तिथे उभ्या फळ्यांची रांग तिरपी लावली आहे. फळ्यांमधली फट माशाला पार होण्याइतकी असते, तरी तिथल्या खळबळीला बिचकून मासा फळ्यांच्या कडेकडेने पोहतो आणि एका हौदात जमा होतो. तिथून टाकीच्या गाडीत घालून त्याला पुन्हा नदीत सोडतात. पण नाजूक मासे या उचलठेवीत मरतात, असाही तिथला अनुभव आहे. मासा उचलून नेण्यापेक्षा त्याला स्वतः जाऊ देणारी वाट बरी.

पाणी की मासे?

बीड जिल्ह्यातल्या वाचकाला ही सर्व चर्चा कदाचित खटकेल. १९७२ चा दुष्काळ आजोबांच्या तोंडून तुम्ही ऐकला असेल. पाण्याच्या टँकरमागे धावणारी माणसे तुम्ही स्वतः पाहिली असतील. ज्या जिल्ह्यातली कुटुंबे दरवर्षी ऊसतोडीला घर सोडून जातात, तिथे माशाची काळजी करायची?

म्हणूनच एक गोष्ट नीट समजून घ्या. जाळीने पाणी कमी होत नाही. नीट आखलेली जाळी पाणी शेताला देते आणि मासा नदीला. आणि मासा म्हणजे निव्वळ शोभेची वस्तू नव्हे. गोदाकाठच्या भोई समाजाचे पोट पिढ्यान् पिढ्या त्याच्यावर चालत आले आहे. कालव्यात वाया गेलेले प्रत्येक पिल्लू त्यांच्या जाळ्यातून वजा होते.

शिवाय सगळे उपाय खर्चिक नाहीत. कालवा बंद करताना दरवाजे एकदम न उतरवता दोन-तीन दिवसांत हळूहळू उतरवले, तर माशांना खोल पाण्याकडे सरकायला वेळ मिळतो. कालव्यात ठराविक अंतरावर एखादा खोल डोह राखला, तर पुढच्या पाळीपर्यंत काही मासे तिथे तग धरतात. अंडी घालण्याच्या मोजक्या पूरदिवसांत, शेताला पाण्याची निकड नसेल तेव्हा, दरवाजे मिटलेले ठेवता येतात. कारण अगदी कोवळ्या पिल्लांना कोणतीच जाळी वाचवू शकत नाही. आणि नदीवर बसवलेल्या शेतकऱ्यांच्या पंपांचे काय? पंपाच्या तोंडाशी मोठ्या आकाराची जाळीदार टोपली बसवली, की तेच पाणी अधिक जागेतून शिरते, ओढ मंदावते आणि पिल्लू निसटते. त्याने पंपात कचराही अडकत नाही. फायदा दोघांचाही.

महाराष्ट्राला हे नवे नाही. रायगड जिल्ह्यात महाडजवळ वाळणकोंड येथे देवीच्या नावाने राखलेल्या डोहात महसीर मासे पिढ्यान् पिढ्या निर्धास्त फिरतात. लोणावळ्याला डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी १९७० च्या सुमारास महसीराचे कृत्रिम प्रजनन करून दाखवले आणि पुढे तिथली पिल्ले देशभर गेली. मात्र त्यातून एक धडाही मिळाला. कावेरीत सोडलेल्या या परक्या महसीरापुढे तिथला मूळचा महसीर मागे पडला आणि आज अतिसंकटग्रस्त झाला आहे. तेव्हा ज्या नदीचा मासा त्याच नदीत, हा नियम विसरू नये.

तुम्ही काय कराल?

पुढच्या वेळी तुमच्या गावाजवळचा कालवा बंद होईल, तेव्हा विज्ञानाच्या गुरुजींना किंवा बाईंना बरोबर घेऊन काठावर जा. वाहत्या कालव्यात कुणीही उतरायचे नाही. त्याच्या तिरक्या भिंतींवरून वर येणे पोहणाऱ्यालाही कठीण असते. पाणी ओसरल्यावर वहीत नोंद करा: तारीख, जागा, डबक्याची लांबी-रुंदी, पाण्याचे तापमान, कोणत्या जातीचे किती मासे. जात ओळखायला गावातल्या भोई काकांची मदत घ्या. पुस्तकापेक्षा त्यांना अधिक माहिती असते. शिवडा किंवा एखादा अनोळखी मासा दिसला तर त्याचे चित्र काढा, छायाचित्र घ्या. जिवंत मासे वाचवता आले, तर पाण्याने भरलेल्या बादलीतून गोदावरीतच सोडा. आफ्रिकी मांगूर किंवा तिलापिया असे परके मासे मात्र नदीत सोडू नका.

एका शाळेची एका पाळीची वही म्हणजे थोडी माहिती. पण गेवराईपासून माजलगावपर्यंत कालव्याच्या काठी दहा शाळांनी तीन वर्षे अशा वह्या ठेवल्या, तर कोणत्या महिन्यात, कोणत्या ठिकाणी, कोणता मासा कालव्यात येतो हे स्पष्ट होईल. जाळी कुठे आणि केव्हा हवी, हे ठरवायला अभियंत्यांना नेमकी हीच माहिती लागते.

पाण्याला वाट माणसाने दाखवली. आता माशालाही परतीची वाट दाखवणे आपल्याच हाती आहे. मग कधी सुरू करता वही?